संमोहन, सिगारेट आणि सहा महिन्यांनंतरचा हिशेब

१५ जुलै १९८३. लंडनमधला ॲलन कार नावाचा अकाउंटंट बायकोच्या आग्रहाखातर एका संमोहनतज्ज्ञाकडे गेला. तेहतीस वर्षं सिगारेट ओढणारा हा गृहस्थ, वाईट दिवस असला तर शंभराच्या घरात पोहोचायचा. सत्र संपलं, कार बाहेर पडला आणि पडल्यापडल्या त्याने सिगारेट पेटवली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्याच दिवशी त्याची सिगारेट कायमची सुटली. दोन वर्षांनी त्याने सिगारेट सोडण्यावर जे पुस्तक लिहिलं, ते जगभर लाखांनी खपलं. पुढे त्याच्या नावाची केंद्रं अनेक देशांत निघाली.

गंमत अशी, की कारने स्वतः याचं श्रेय संमोहनाला कधीच दिलं नाही. त्या तज्ज्ञाच्या बोलण्यात एक वाक्य येऊन गेलं होतं: सिगारेट ही निकोटिनच्या व्यसनापलीकडे काहीही नाही. मुलाने दिलेल्या एका वैद्यकीय पुस्तकात त्याच गोष्टीचं स्पष्टीकरण सापडलं आणि डोक्यात प्रकाश पडला, असं तो सांगत असे. तेवढ्या वर्षांच्या धुराने आपला हिशेब मात्र सोडला नाही. २००६ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कार फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेला.

मग सिगारेट सुटली ती संमोहनाने, की संमोहनाच्या निमित्ताने? गेली पन्नासेक वर्षं संशोधक ह्याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. ‘एका बैठकीत सिगारेट बंद’ अशी जाहिरात वाचून फोन लावण्याआधी वाचकानेही त्यांच्याबरोबर थोडं फिरून घेतलेलं बरं.

आपल्याकडे संमोहन म्हटलं की अनेकांना गणेशोत्सवातले ‘हिप्नॉटिझमचे प्रयोग’ आठवतात. मंचावर बोलावलेला गल्लीतला पोऱ्या कच्चा बटाटा सफरचंद समजून खातो आणि मंडप हसून लोळतो. दवाखान्यातलं संमोहन फारच बेचव असतं. तज्ज्ञ आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारतो. पहिली सिगारेट किती वाजता? जेवणानंतर, चहाबरोबर की फोनवर बोलताना? आधी कधी सोडली होती का, आणि परत कशी लागली? मग खुर्चीत सैल बसवून एखाद्या बिंदूवर नजर लावायला किंवा श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. आवाज संथ होतो, अंग सैल पडतं, लक्ष एका ठिकाणी गोळा होतं. त्या अवस्थेत सूचना दिल्या जातात: तलफ आली तरी ती येईल आणि जाईल, धुराचा वास नकोसा वाटेल, चहा नुसताच चांगला लागेल. शेवटी आकडे मोजत बाहेर आणतात. झोप लागलेली नसते, शुद्धही हरपलेली नसते. बहुतेकांना बोललेलं सगळं आठवतं. मध्येच उठून जायचं ठरवलं तर जाताही येतं.

संमोहनाला थोतांड म्हणून उडवून लावण्याचीही गरज नाही. जेम्स एस्डेल ह्या स्कॉटिश सर्जनने १८४५ पासून बंगालमधल्या हुगळीला भूल देण्याचं औषध हाताशी नसताना ‘मेस्मेरिझम’च्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाच्या, आधाराने शस्त्रक्रिया केल्या. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात त्याला त्यासाठी प्रायोगिक रुग्णालयही मिळालं. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ साली आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५८ साली संमोहनाला वैद्यकात जागा असल्याचं मान्य केलं. वेदना आणि शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी करण्यात त्याचा उपयोग होतो, ह्याबद्दल आज फारसा वाद नाही. वाद आहे तो सिगारेटबद्दल.

सिगारेटमध्ये दोन गोष्टींची गुंफण असते. पहिली निकोटिनची. झुरका मारल्यापासून दहा ते वीस सेकंदांत ते मेंदूत पोहोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून तर दर तास-दोन तासांनी हात खिशाकडे जातो. दुसरी सवयीची: टपरीवरचा कटिंग, ऑफिसच्या जिन्याखालची टोळी, सकाळी शौचाला जाण्याआधीची ती एक. संमोहनाचा जोर चालतो तो ह्या दुसऱ्या धाग्यावर. रक्तातलं निकोटिन उतरलं की होणारी चिडचिड, झोपमोड, भूक आणि एकाग्रतेचा बोऱ्या ह्यावर नुसत्या सूचनांची मात्रा किती चालेल, ही शंका साधार आहे.

आता आकडे. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगेल ह्यांनी १९७० साली आपल्या ६१५ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत एकाच बैठकीची होती, पण तिचा गाभा तज्ज्ञाच्या खुर्चीत नव्हता. रुग्णाला ते स्वसंमोहन शिकवत आणि ते दिवसातून अनेकदा, जेमतेम वीस-तीस सेकंदांसाठी, करायला सांगत. नजर वर, पापण्या मिटायच्या, एक खोल श्वास, आणि मनाशी तीन गोष्टी: धूर माझ्या शरीराला विष आहे, जगायला मला हे शरीर लागतं, म्हणून त्याची राखण करणं माझ्याकडे लागतं. सहा महिन्यांनंतर सुमारे २० टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती. ज्यांनी प्रश्नावलीला उत्तरच पाठवलं नाही, त्यांना स्पीगेलनी ‘ओढतात’ असंच धरलं. हा प्रामाणिकपणा ह्या क्षेत्रात दुर्मीळ आहे. गप्प बसलेल्यांना हिशेबातूनच वगळणारे कमी नाहीत.

मुलगा डेव्हिड स्पीगेल ह्यांनी १९९३ साली त्याच पद्धतीच्या २२६ जणांचे निकाल दिले. पहिल्या आठवड्यानंतर ५२ टक्के लोक सिगारेटपासून लांब होते. दोन वर्षांनी उरले २३ टक्के. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की जाहिरातींचं गणित उलगडतं. पहिल्या आठवड्यात विचारलं तर अर्ध्याहून जास्त यश, दोन वर्षांनी विचारलं तर चौथाईही नाही. उपचार तोच, माणसंही तीच.

अर्थात २३ टक्के काही थोडेथोडके नव्हेत. कुणाच्याही मदतीशिवाय, नुसतं ‘उद्यापासून बंद’ म्हणून सोडणाऱ्यांत सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. पण स्पीगेल ह्यांच्याकडे आलेल्यांची तुलना करायला दुसरा गटच नव्हता. जो माणूस पैसे मोजून, वेळ काढून न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञाकडे जातो, त्याने अर्धी लढाई घरून निघतानाच मारलेली असते. तेवढ्याच इच्छेच्या दुसऱ्या माणसाला तेवढाच वेळ, पण संमोहनाशिवाय दिला तर काय होतं, हे पाहायला हवं.

स्वित्झर्लंडमध्ये ते पाहिलं गेलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत २२३ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला एका सामुदायिक बैठकीत संमोहन, दुसऱ्याला तशाच बैठकीत नुसतं अंग सैल सोडण्याचा व्यायाम. सहा महिन्यांनी संमोहनवाल्यांपैकी १४.७ टक्के आणि व्यायामवाल्यांपैकी १७.८ टक्के सिगारेटमुक्त होते. हा फरक योगायोगाने पडावा इतकाच, पण संमोहनाचं पारडं जड नव्हतं एवढं नक्की. मोठ्या हॉलमध्ये शंभर खुर्च्या मांडून एकाच संध्याकाळी व्यसनमुक्ती देणाऱ्यांनी ही चाचणी फ्रेम करून भिंतीवर लावायला हवी.

दुसरी चाचणी सॅन फ्रान्सिस्कोची, २००८ सालची, आणि ती संमोहनाच्या बाजूने थोडी झुकते. तिथे २८६ जणांना दोन महिने निकोटिनचे पॅच दिले. अर्ध्यांना जोडीला संमोहन, अर्ध्यांना नेहमीचं समुपदेशन. वर्षभरानंतर, लोकांच्या सांगण्यावर न विसंबता पडताळून पाहिलं, तेव्हा संमोहनाच्या गटात २० टक्के आणि समुपदेशनाच्या गटात १४ टक्के सिगारेटमुक्त निघाले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हाही फरक ठाम ठरला नाही. तरीही पॅचसोबत दिलेलं, एकाहून जास्त बैठकांचं संमोहन नेहमीच्या समुपदेशनाइतकं तरी टिकलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांना त्याचा जास्त फायदा झाल्याचंही ह्या चाचणीत दिसलं.

अशा सगळ्या चाचण्या एकत्र तोलण्याचं काम कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था करते. तिच्या २०१९ च्या आढाव्यात १४ अभ्यास आणि १,९२६ माणसं होती. तेवढ्याच वेळेच्या दुसऱ्या समुपदेशनापेक्षा संमोहन सरस आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, हा त्याचा निष्कर्ष. तितकाच महत्त्वाचा दुसरा भाग असा, की संमोहन निरुपयोगी आहे असंही ह्या पुराव्यावरून म्हणता येत नाही. अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. जाहिरातवाले पहिला भाग गाळतात आणि टीकाकार दुसरा.

मग ‘संमोहन ही सिगारेट सोडण्याची सर्वांत प्रभावी पद्धत’ हे वाक्य आलं कुठून? त्याचं मूळ बहुतेक वेळा १९९२ सालच्या एका अमेरिकी विश्लेषणात सापडतं. शेकडो अभ्यास एकत्र करून त्यात निरनिराळ्या पद्धतींची सरासरी काढली होती आणि संमोहनाच्या वाट्याला जवळपास एक तृतीयांश यश आलं होतं. पण त्यातले बरेच अभ्यास तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता केलेले, आणि यश म्हणजे माणसाने स्वतः सांगितलेलं. ‘सोडली हो’ असं डॉक्टरांना सांगून दवाखान्याच्या कोपऱ्यावर पेटवणारी माणसं आपल्यालाही ठाऊक आहेत. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किंवा लाळेतलं कोटिनिन (निकोटिनचा शरीरातला अवशेष) तपासल्याशिवाय आजचे संशोधक सहसा कुणाला सुटलेला मानत नाहीत.

मराठी वाचकासाठी इथे आणखी एक अडचण आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करतात. पण विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. २४.४ टक्के लोक तंबाखू चघळतात, मशेरी लावतात किंवा गुटख्यासारखं काही तोंडात ठेवतात. संमोहनावरचा वर सांगितलेला सगळा पुरावा सिगारेट ओढणाऱ्यांवरचा, तोही बहुतेक पाश्चात्त्य देशांतला. तो उचलून चुना-तंबाखूला लावता येत नाही. चंची जवळ बाळगणाऱ्याला संमोहनाची हमी देणारा माणूस कशाच्या आधारावर बोलतो, हे त्याला विचारलंच पाहिजे.

इतकं वाचूनही कुणाला संमोहनाकडे जावंसं वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त सगळं एकट्या संमोहनाच्या भरवशावर ठेवू नये. सुरुवात स्वतःच्या व्यसनाचं वजन करण्यापासून व्हावी. सकाळी डोळे उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते का? लागत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे आणि औषधाची जोड हवीच. दिवसाला दोन-तीन, त्याही मित्रांच्या संगतीत ओढणाऱ्याचं सवयीवर जास्त अडलेलं असतं. संमोहनाला काही वाव असेल तर अशा ठिकाणी तो अधिक.

औषधांबाबत पुरावा बराच भक्कम आहे. कॉक्रेनच्याच हिशेबाने औषधाविना सोडणाऱ्या शंभरांतले सहाएक जण सहा महिन्यांपुढे टिकतात; व्हेरेनिक्लिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत ते प्रमाण सुमारे बारा ते सोळावर जातं. ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावी, आणि साधारण बारा आठवडे. निकोटिनचा गम आणि पॅच यशाची शक्यता दीडपटीच्या आसपास नेतात, आणि दोन्ही एकत्र वापरले तर एकट्या गमपेक्षा जास्त. दोन मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. पण तो च्युइंगगमसारखा चघळला तर मळमळतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी फेकून देतो. हळू चावायचा, जिभेला चुरचुर जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. अर्धा तास असंच चालतं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी किंवा आंबट सरबत नको. त्याने निकोटिन नीट शोषलं जात नाही. गरोदर स्त्रियांनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

चहाचाच एक मुद्दा फारसं कुणी सांगत नाही. तंबाखूच्या धुरामुळे यकृत कॅफीनचा निचरा झपाट्याने करत असतं. सिगारेट बंद झाली की हा वेग उतरतो आणि तेवढ्याच कपांमधून रक्तात जवळपास दुप्पट कॅफीन साठतं. मग छाती धडधडते, झोप उडते, हात थरथरतात. माणूस समजतो सिगारेटवाचून जीव चाललाय. चाललेला असतो चहा. पहिले काही आठवडे कप निम्म्यावर आणावेत. दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलणं तर गरजेचंच, कारण ह्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही असंच वाढतं.

आता तज्ज्ञ निवडण्याबद्दल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ साली संमोहन ही उपचाराची एक रीत म्हणून मान्य केली, पण ती योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच वापरावी ह्या अटीवर. व्यवहारात मात्र दोन दिवसांची कार्यशाळा करून दारावर पाटी लावणारे भरपूर आहेत. सगळ्यांत सुरक्षित रस्ता म्हणजे आधी व्यवसायाने डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ असलेला आणि वर संमोहन शिकलेला माणूस: मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच कसला?

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न साधे आहेत. किती बैठका? घरी करायला काय शिकवणार? औषध चालू ठेवलं तर चालेल का? तुमच्याकडे आलेल्यांचं सहा महिन्यांनी काय झालं, हे तुम्ही कसं तपासता? ‘पंचाण्णव टक्के यश’ असं उत्तर आलं, तर बाहेरची वाट धरावी. ‘औषधाची गरजच नाही, संमोहनाने सगळं होतं’ म्हणणाऱ्याकडेही थांबू नये. पूर्वजन्मात नेऊन व्यसनाचं मूळ शोधण्याचा प्रस्ताव आला, तर पाकीट घट्ट धरून जिना उतरावा. भ्रम होणं किंवा कानात आवाज येणं असा त्रास ज्यांना आहे किंवा पूर्वी झालेला आहे, त्यांनी आपल्या मनोविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय संमोहनाच्या वाटेला जाऊ नये. इतरांना त्याचा अपाय होत नाही म्हटलं तरी चालेल. डोकं जड होणं, थोडी गुंगी राहणं एवढंच.

सगळ्यांवर संमोहन सारखं चढतही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ पासून ते मोजण्याच्या पट्ट्या तयार झाल्या. शंभरात दहा-पंधरा माणसं पटकन आणि खोल जातात, साधारण तितकीच जवळपास अजिबात जात नाहीत, उरलेली मधली. सिनेमा पाहताना शेजारच्याचा फोन वाजलेला ज्याला ऐकू येत नाही, तो बहुधा पहिल्या गटातला. दोन बैठकांत काहीच जाणवलं नाही तर त्यात आपला दोष नाही, तज्ज्ञाचाही नसेल. तिसरीचे पैसे वाचवून औषध आणि समुपदेशनाकडे वळावं.

घरी करायच्या स्वसंमोहनाला मात्र पैसे पडत नाहीत. महाराष्ट्रात हा शब्द श्याम मानव ह्यांच्या शिबिरांमुळे बऱ्याच घरांत पोहोचलेला आहे. तलफेची लाट साधारण तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळेसाठी स्पीगेल ह्यांची वीस सेकंदांची कसरत दोन-चारदा केली, मग उठून पाणी प्यायलं, जिना उतरून आलं, की वेळ निघून जाते. हे तलफ यायच्या आधीपासून, शांत वेळी, रोज घोटलेलं असलं पाहिजे. ऐन तलफेत पहिल्यांदा करून पाहणाऱ्याला ते जमत नाही.

सोडण्याची तारीख ठरवावी आणि घरात सांगून टाकावी. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण, आणि दोन ते चार आठवड्यांत शरीराचा बहुतेक त्रास आटोपतो. पोट साफ न होण्याची तक्रार अनेकांची असते. तिला इसबगोल आणि पाणी पुरतं, सिगारेट लागत नाही. पाकीट, लायटर, ॲशट्रे घरातून हलवावेत. टपरीवर एकच सुट्टी सिगारेट घेण्याचा मोह खरा धोक्याचा. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, पण ती कागदावर किती आणि कोपऱ्यावर किती, हे ओढणाऱ्यांना विचारावं. एखादी ओढली गेलीच, तर गम किंवा गोळ्या बंद करू नयेत आणि स्वसंमोहनही सोडू नये. सिगारेट सुटलेल्या बहुतेकांनी आधी ती बऱ्याचदा सोडून पाहिलेली असते.

आणि पैसे खर्च करण्याआधी फुकटचं करून पाहावं. सिगारेटच्या पाकिटावर २०१८ पासून छापलेला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक विनामूल्य आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही ह्या सेवेचं केंद्र आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं असतात; जवळचं केंद्र कुठे ते तिथे जाऊन किंवा ह्याच क्रमांकावर विचारून घ्यावं. संमोहनतज्ज्ञाची वेळ घ्यायचीच असेल तर ती ह्या फोननंतर घ्यावी.